नंदीचं घुंगरू

आपला आवाज आपल्याच लेकराच्या जिवाला घातक आहे, हे दिपालीला मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी कळलं. झालं असं, की ती काचेच्या दारातून आत गेली, अंगात निळा गाऊन, तोंडावर मास्क, हाताला त्या झणझणीत औषधाचा वास, आणि खाटेजवळ उभी राहून सवयीनं म्हणाली, "आली रे राजा, आली." एवढंच. चार शब्द. पण खाटेच्या उशाशी लावलेल्या पडद्यावरचा हिरवा आकडा एकशे दहावरून एकशे साठवर गेला, हर्षितच्या मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळं फिरली, फळीला बांधलेला हात उचलल्यासारखा झाला, आणि कुठूनसं टिटिट टिटिट सुरू झालं. सिस्टर धावली. धावली कसली, उडीच मारली तिनं. सुईवाटे काहीतरी ढकललं, आकडा उतरला, आणि मग तिनं दिपालीला कोपऱ्यात नेलं. रागावली असती तर बरं झालं असतं. पण ती अगदी हळू बोलली. "आई, तुम्ही बोलू नका हो. तुमचा आवाज ऐकून तो उठून राहिला. नाकातली नळी निघाली ना, तर ती परत टाकता येईल का नाही, हे मोठे डॉक्टरपण सांगू शकत नाहीत. या, पाहा, पण गुपचूप." दिपालीनं मान हलवली. मास्कच्या आत तिचं तोंड उघडंच राहिलं होतं, ते तिनं मिटलं.

बाहेर येऊन ती स्टीलच्या खुर्चीवर बसली. ह्या खुर्च्या बसणाऱ्यानं लवकर उठावं म्हणूनच बनवलेल्या असतात, आणि इथं तर लोक आठ-आठ दिवस बसतात. तिला हसू आलं, तेही कशाला आलं देव जाणे. शनिवारी ऑपरेशन झालं होतं. मोठ्या डॉक्टरांनी आधी कागदावर चित्र काढून समजावलं होतं. हर्षितची श्वासनलिका आतून जखडली आहे, तिचं भोक पेनाच्या रिफिलीएवढं उरलं आहे. बरगडीच्या मऊ हाडाची, कूर्चेची, चकती काढून ती तिथं लावायची, नलिका रुंद करायची, श्वासासाठी गळ्याला पाडलेलं जुनं भोक शिवून टाकायचं, आणि सात दिवस नाकातून एक नळी आत ठेवायची, आधाराला. केशव, म्हणजे तिचा नवरा, शहराबाहेर वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनवर माल चढवायला-उतरवायला माणसं लावतो. त्याला डॉक्टरांनी समजेल असं सांगितलं, "स्लॅब टाकल्यावर खालचं टेकूचं सेंट्रिंग लगेच काढतात का? नाही ना? ही नळी म्हणजे सेंट्रिंग. सात दिवस हलली नाही पाहिजे. पोरगं अडीच वर्षांचं, त्याला काय समजावणार? म्हणून त्याला झोपवून ठेवायचं, हात बांधून ठेवायचे. पुढच्या शनिवारी नळी काढू. सगळं बरोबर झालं तर त्या दिवशी तो तुमच्यासमोर रडेल." रडेल! केशवनं बाहेर येऊन चहाच्या टपरीवर तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. "रडन म्हणते, दिपाली. रडन आपला पोट्टा." आणि ह्या बाप्यानं, जो ट्रकवाल्यांना आईमाईवरून शिव्या देतो, त्यानं शर्टाच्या बाहीला डोळे पुसले.

कारण हर्षित कधी रडलाच नव्हता. जन्मला तेव्हाही नाही. सातव्या महिन्यात, मूठभर, निळसर, त्याला तिच्या पायांशीच उचलून पळत नेलं होतं, आणि ती वर टांगलेल्या दिव्याकडे पाहत वाट पाहत राहिली होती की आता आवाज येईल, आता येईल. मग कितीतरी आठवडे तो तोंडातल्या नळीवर. तीनदा नळी काढली, तीनदा घातली; काढली की श्वास बंद. त्या नळीनंच आतून घासून घासून घात केला, असं मागाहून कळलं. जिनं जीव वाचवला तिनंच वाट बंद केली, आता ह्याला काय म्हणावं! शेवटी गळ्याला भोक पाडून तिथं नळी बसवली आणि म्हणाले, न्या घरी. तेव्हापासून हवा गळ्यातूनच आत, गळ्यातूनच बाहेर. वर आवाजाच्या पेटीपर्यंत पोचायचीच नाही. तो रडायचा तेव्हा तोंड उघडायचं, चेहरा लाल व्हायचा, डोळ्यांतून धारा, आणि आवाज म्हणून काहीच नाही. हसायचाही तसाच. सुरुवातीला ती त्या तोंडाकडे बघू शकत नव्हती, टीव्हीचा आवाज बंद केल्यासारखं वाटायचं. मग सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते, ह्याचं तिला स्वतःबद्दल फार वाईट वाटायचं.

वाडीतली खोली अमरावती रोडच्या पाठीशी. दिवसरात्र ट्रक रिव्हर्स येत असतात, त्यांचं ते वाजणं, क्लीनरचं "आने दो, आने दो" आणि पत्रा थडथडणं. त्यात नळीतून येणारा श्वास काय ऐकू येणार! एकदा ती भाजी फोडणीला टाकत होती आणि मागे पलंगावर हर्षितच्या नळीत कफ अडकला. त्यानं हाक मारली असेल, रडला असेल, तोंड फाकवून फाकवून रडला असेल. तिला काही कळलं नाही. वळून पाहिलं तर ओठ जांभळे. मशीननं कफ ओढला, जीव परतला, पण त्यानंतर तिनं महिनाभर कुकर लावला नाही, शिटीत काहीतरी हरवेल म्हणून. तेव्हा तिची सासू प्रयागबाई रामटेकजवळच्या गावाहून आली होती, तान्ह्या पोळ्यासाठी, पोरांनी लाकडी बैल मिरवायच्या सणासाठी. नातवाचा पहिला तान्हा पोळा. तिनं गावच्या सुताराकडून लाकडाचा नंदी करून आणला होता, वीतभर, चाकांचा, पिवळ्या शिंगांचा, गळ्यात पितळेचं एक घुंगरू. शेजारची पोरं आपापले नंदी ओढत घरोघर निघाली, हर्षितला केशवनं कडेवर घेतलं, नंदी दुसऱ्या हातात. संध्याकाळी प्रयागबाईनं नंदीच्या गळ्यातलं ते घुंगरू सोडलं, काळ्या दोऱ्यात ओवलं आणि नातवाच्या उजव्या पायात बांधलं. म्हणाली, "तोंडानं हाक नाही मारू शकत, तर पायानं मारन. बैल काय बोलते का? तरी समजते ना आपल्याले."

आणि खरंच, आठ दिवसांत पोरगं शिकलं. तहान लागली, पाय आपटायचा. कफ आला, पाय आपटायचा. घुंगरू वाजलं की दिपाली असेल तिथून ओरडायची, "आली रे राजा, आली," आणि धावायची. आंघोळ करत असली तरी ओल्या केसांनी धावायची. मग त्याला त्यात गंमतही वाटायला लागली. उगीच पाय आपटून तिला बोलवायचा आणि ती आली की बिनआवाजाचा हसायचा, लबाड. केशव म्हणायचा, "तू त्याची गुलाम आहेस वं." असेन. झोपेतही तिचा एक कान त्या पायापाशी असायचा. ट्रकच्या हॉर्ननं ती जागी व्हायची नाही आणि घुंगराच्या एका टिणक्यानं ताडकन उठून बसायची. तेव्हापासून असं एकदाही झालं नाही की घुंगरू वाजलं आणि ती गेली नाही. ही एकच गोष्ट तिला आयुष्यात धड जमली होती असं तिला वाटे.

ऑपरेशनच्या दिवशी ते घुंगरू काढून घेतलं होतं. अंगावर काही नको म्हणाले. तिनं ते पर्सच्या आतल्या खणात टाकलं होतं आणि विसरली होती. पण मंगळवारी ते 'बोलू नका' ऐकल्यावर तिला एकदम आठवलं, आणि मग दुसरं काही आठवेचना. आत तो आहे. हात बांधलेले. नाकात नळी. समजा, त्याला मध्येच जाग आली. औषध थोडं उतरलं, त्याला वाटलं कफ आलाय, तहान लागलीय, अंधार आहे, आई कुठाय. तो काय करील? पाय आपटील. आणि वाजणार नाही. पुन्हा आपटील. नाही वाजणार. घुंगरू बांधल्यापासून पहिल्यांदा त्यानं बोलावलं आणि आई आली नाही, असं त्याला वाटेल. हे तिच्या डोक्यात गिरमिट फिरावं तसं फिरू लागलं. संध्याकाळी पाच वाजता ती आत गेली ती तोंड घट्ट मिटून. दहा मिनिटं नुसती उभी. त्याचे ओठ सुकून पापुद्रे आले होते, नाकपुडीवर चिकटपट्टीनं कातडं लाल झालं होतं, छाती मशीनच्या हिशेबानं वर-खाली होत होती, आणि उजव्या पायाच्या घोट्यावर दोऱ्याचा जुना पांढरट वण होता, अंगठी काढल्यावर बोटावर राहतो तसा. तिला त्या वणाला हात लावायचा होता. लावला नाही.

बुधवारी प्रयागबाई रामटेकहून आली. डब्यात भात आणि वरण, पिशवीत गडावरचा अंगारा. खुर्चीवर पाय वर घेऊन बसली आणि म्हणाली, "काहून वं, बोलत काहून नाहीस? तोंडाले कुलूप लावलं का?" दिपालीनं तिला सांगितलं, की मी बोलले तर तो जागा होतो म्हणून मला बोलू देत नाहीत. म्हातारीनं पाय खाली सोडले. "मायचा आवाज नको म्हणतेत? बाप्पा! अन् मंग त्या लेकराले समजाव कसं का माय इथंच आहे?" तेच. अगदी तेच. दिपालीला इतकं बरं वाटलं की कोणीतरी तिच्या मनातलं बोललं, आणि तिनं पर्समधून ते घुंगरू काढून सासूच्या तळहातावर ठेवलं. प्रयागबाईनं ते कानाशी हलवलं. "बांध," ती म्हणाली. "अंगाराबी लागन अन् घुंगरूबी. झोपला आहे तोवर वाजनच कायले? अन् जागा झाला तर निदान वाजन तरी." ह्यात चूक कुठं होती? दिपालीनं पुढं शंभर वेळा ते बोलणं उलटसुलट करून पाहिलं, आणि दर वेळी ते तिला बरोबरच वाटलं.

पाच वाजता तिनं ते बांधलं. त्या खाटेच्या ड्यूटीवर प्रणाली सिस्टर होती, नवी, तेवीसेक वर्षांची, कामठीहून रोज शेअर ऑटोनं येणारी. पायावर चादर होती. डाव्या पायाच्या अंगठ्याला लाल दिव्याचा चिमटा, उजवा मोकळा. दिपालीनं चादर वीतभर सरकवली, दोरा बरोबर त्या वणावर आणला आणि गाठ मारली. प्रणालीनं पाहिलं. दिपालीनं तिच्याकडे पाहिलं, बोलायची बंदी होती म्हणून नुसते हात जोडले. प्रणाली दाराकडे बघून कुजबुजली, "कोणी पाहिलं तर मले काढाले लागन हो ताई. पायालेच आहे ना? राहू द्या. देवाचं आहे का?" दिपालीनं मान हलवली. नंदी म्हणजे देवच की. घुंगरू वाजलं नाही; पाय तसाच लुळा, कोमट. बाहेर आल्यावर तिला चार दिवसांत पहिल्यांदा भूक लागली आणि तिनं सासूच्या डब्यातला भात चाटूनपुसून खाल्ला. दोन काचेच्या दारांपलीकडून एक इवलंसं घुंगरू बाहेर ऐकू येणार नाही, हे तिला समजत नव्हतं असं नाही. पण तिला वाटत होतं, आपल्याला येईल.

गुरुवारी दुपारी चारच्या सुमारास केशव खाली औषधं आणायला गेला होता. प्रयागबाई खुर्चीवर बसल्याबसल्या पेंगत होती. दिपाली दाराकडे कान लावून बसली होती, नेहमीसारखीच, आणि तिला काही ऐकू येत नव्हतं. ए.सी.चा घुंईघुंई आवाज, लिफ्टचं दार, कोणाच्यातरी मोबाइलवर भजन. एवढ्यात आतलं दार धाडकन उघडलं, एक सिस्टर बाहेर येऊन "डॉक्टर! डॉक्टर!" करत पलीकडच्या खोलीत शिरली, आणि त्या उघड्या दारातून एका लेकराचं रडणं बाहेर आलं. खरखरीत, फुटका, घसा बसल्यासारखा आवाज. एकदा, मग दुसऱ्यांदा, लांब. प्रयागबाई दचकून जागी झाली. दिपालीनं दाराकडे पाठ फिरवली. ती दुसऱ्याच्या लेकराबद्दलची जळफळ होती हे तिला लगेच कळलं, आणि त्या लाजेनंच ती चिडली. "कोणाचं रडून राहिलं वं हे?" ती सासूला म्हणाली. "गप्प करा म्हणाव त्याले कोणी. माझा झोपला आहे आत." दार आपोआप मिटलं आणि आवाज कापल्यासारखा थांबला. मग दोन डॉक्टर धावत गेले. मग मोठे डॉक्टर, पायात एकच चप्पल. मग कोणीतरी बाहेर येऊन विचारलं, "हर्षितचे वडील कुठं आहेत?"

पाऊण तास गेला. त्या पाऊण तासाचं दिपालीला पुढं काहीच आठवलं नाही. आठवली ती समोरच्या भिंतीवरची पाल, जी ट्यूबलाइटमागून निम्मी बाहेर आली होती आणि तशीच राहिली होती. मोठे डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांचा गाऊन घामानं पाठीला चिकटला होता. ते खाली बसले, चक्क तिच्या शेजारच्या खुर्चीवर. म्हणाले, नळी निघाली. औषधाची शरीराला सवय होत जाते, मुलं कधीकधी मधेच जागी होतात, उसळतात, होतं असं. मिनिटभर त्यानं स्वतःचा श्वास घेतला, पण आतली सूज अजून उतरली नव्हती, वाट मिटत गेली. नाकातून नळी परत घालायला गेलो, जमेना, लावलेली चकती सरकायला लागली. "शेवटी गळ्याचं भोक पुन्हा उघडावं लागलं. जीव वाचलाय. पण नलिकेचं काम... वर्षभर थांबू. मग परत बघू, करता येतं का." केशवनं विचारलं, "म्हणजे आवाज, साहेब?" डॉक्टर त्याच्याकडे न बघता म्हणाले, "आत्ता नाही." आणि केशवनं नमस्कार केला! जीव वाचवला म्हणून नमस्कार केला, आणि मग जिन्यात जाऊन भिंतीवर मूठ आपटली, ती इथं ऐकू आली. प्रयागबाई पदर तोंडाला लावून पुन्हा पुन्हा म्हणत होती, "जीव ठेवला ना त्यानं, बस झालं. जीव ठेवला." दिपालीच्या तोंडात एक प्रश्न होता, आणि तो विचारायला ती भीत होती.

तो तिला विचारावा लागला नाही. सहाला पाळी संपवून प्रणाली बाहेर आली, बुरख्यासारखा स्कार्फ गुंडाळलेला, फक्त डोळे दिसत होते, सुजलेले. तिनं दिपालीला पाण्याच्या टाकीपाशी नेलं आणि टिश्यू पेपरची एक पुडी तिच्या हातात दिली. आत काय आहे हे बोटांना उघडायच्या आधीच कळलं. "मी काढून घेतलं ताई, कोणी पाहायच्या अगोदर. कोणालेच नाही सांगितलं." मग तिच्यानं राहवेना. "तो जागा झाला होता. आधी नुसता पाय हलला, घुंगरू वाजलं. मी म्हटलं, झोपेत हलून राहिला. मग तो थांबला. दाराकडे पाहे. मग पुन्हा वाजवलं, पुन्हा दाराकडे पाहे. मी औषध भरून राहिली होती हो, दोन मिनटंबी नाही झाले. मग तो जोरजोरानं मारायले लागला, दोन्ही पायांनं, सगळं अंग उचलून, अन् ते वाजूनच राहिलं, वाजूनच राहिलं... त्याच्यातच गेली नळी." दिपालीनं विचारलं, "दाराकडे?" प्रणालीनं मान हलवली. आणि मग, आपण काहीतरी चांगलंही सांगावं, ह्या एवढ्या वाईटात ह्या बाईच्या पदरात काहीतरी टाकावं, म्हणून ती बिचारी म्हणाली, "पण रडला बरं का ताई तो. नळी निघाल्यावर. खरं सांगते, आवाजानं रडला. दोनदा. दार उघडं होतं, तुम्ही ऐकलं असन ना?"

दिपाली म्हणाली, "हो."

शुक्रवारी अकरा वाजता तिला आत सोडलं. आता बोला, सिस्टर म्हणाली, आता चालते, आता गळ्यातली नळी पक्की आहे. हर्षित जागा होता. गळ्याभोवती पांढरी फीत, तिच्या मधोमध तीच ती नळी, जुनी ओळखीची. जणू मधले सहा दिवस झालेच नव्हते, फक्त छातीवर बरगडीचा तुकडा काढल्याची पट्टी होती. त्यानं तिला पाहिलं. पाहिलं आणि चेहरा ओळखीनं हलला नाही. त्यानं उजवा पाय उचलून गादीवर आपटला. काही वाजलं नाही. त्यानं मान वाकवून पायाकडे पाहिलं, पुन्हा आपटला, आणि मग तिच्याकडे नाही, दाराकडे पाहिलं. ती दोन हातांच्या अंतरावर उभी होती आणि तो दाराकडे पाहत होता. तिनं "आली रे राजा" म्हणायला तोंड उघडलं, आणि ते शब्द तिच्या जिभेवर येईनात. तिनं नुसता त्याचा पाय धरला, दोन्ही हातांत, आणि तो पाय तिच्या हातांत आपटत राहिला.

मग तो रडायला लागला. तोंड उघडलं, चेहरा लाल झाला, डोळ्यांतून धारा, आणि काहीच नाही. ह्या चेहऱ्याची तिला अडीच वर्षांची सवय होती. ती त्या उघड्या तोंडाकडे टक लावून पाहू लागली आणि कालचा तो आवाज त्याच्यावर बसवून पाहू लागली. खरखरीत होता, एवढं आठवत होतं. फुटका होता. दोनदा आला होता, दुसरा लांब होता. हे सगळं शब्दांत आठवत होतं, पण आवाज काही केल्या येईना. तिनं डोळे मिटले, ते दार पुन्हा उघडलं, ती सिस्टर पुन्हा पळाली, आता येईल, आता येईल. आणि दर वेळी त्या जागी तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला, चिडलेला, स्वच्छ, शब्द न् शब्द: गप्प करा म्हणाव त्याले कोणी. माझा झोपला आहे आत.